काळजातला दाणा

मझुका गावात उंदीर सगळेच धरतात, पण उंदीर उघडून वाचणारा एकटा याकोबे झगाम्बो. मक्याची काढणी झाली आणि गवत वाळलं की आमच्याकडे माणसं कुदळ खांद्यावर टाकून शेतांच्या कडेला पांगतात, बिळं उकरतात, पाण्याचे माठ जमिनीत पुरून त्यांच्या काठाला भाजलेला कोंडा चोपडतात. संध्याकाळी दोरीला ओवलेले उंदीर मिरवत घरी येतात. दोरी लांब झाली की त्यांना पुरे. याकोबेला दोरीच्या लांबीशी काही देणंघेणं नव्हतं. तो ओढ्याकाठच्या खडकावर बसायचा, एकेक उंदीर हातात घ्यायचा, कानामागे फुंकर मारून गोचीड बघायचा, पोटावरचे केस उलटे फिरवून कातडीखाली गाठ आहे का ते चाचपायचा. मग चाकूच्या टोकानं पोट उघडून काळीज बोटावर घ्यायचा आणि उजेडाकडे धरायचा.

त्याचे नियम ठरलेले होते. आपोआप मेलेला उंदीर उचलायचा नाही. बिळातून काढल्यावर जो पळायचं नावच घेत नाही, त्यालाही हात लावायचा नाही. पिसवा फार असल्या तर दोरी आधी धुरावर धरायची आणि मगच मांडीवर घ्यायची. काळजावर पिवळट रेघा दिसल्या तर अख्खा उंदीर जाळात. आतड्यातल्या जंतांना तो मोजत नसे, आतडी टाकायचीच असतात. एकदा शेजारच्या बाईनं पंधरा उंदरांची दोरी मोठ्या ताठ्यात त्याच्यापुढे धरली, तर त्यानं त्यातले चार उंदीर काढून जाळात टाकले. बाई दोन महिने त्याच्याशी बोलली नाही, पण पुढच्या खेपेला दोरी घेऊन त्याच्याकडेच आली.

मीठ घालून उकळलेला आणि मंद आचेवर वाळवलेला याकोबेचा उंदीर डोळे मिटून खावा, असा लौकिक होता. लग्नघरी जावईमंडळींपुढे त्याचेच उंदीर वाढले जात. हा लौकिक त्याच्या डोक्यात गेला होता, आणि ते दिसत होतं. त्याची बायको न्याम्हांगो त्याला चिडवायची. तो काळीज उजेडाकडे धरून बसला की ती मागून म्हणायची, "काय हो तेम्वाचे बाबा, काळीज बघताय की भविष्य?" तो हसायचा नाही, पण दुसरं काळीज जरा तिच्या बाजूला करून धरायचा.

तेम्वा त्यांची एकुलती एक लेक. चौदाव्या वर्षी तापानं गेली. दवाखाना ओढ्याच्या पलीकडे होता आणि ओढा तीन दिवस भरून वाहत होता. तिच्या मागे घरात तिची चटई राहिली, शाळेचा एक निळा झगा राहिला, आणि तिनं शाळेतून झग्याखाली लपवून आणलेलं एक मांजर राहिलं. त्याचं नाव तिनं ब्वेझी ठेवलं होतं, ब्वेझी म्हणजे मैत्रीण. मांजर त्या चटईवरच झोपायचं. न्याम्हांगो पीठ चाळताना त्याच्याशी बोलायची, पावसाचं, भावाच्या घरचं, कधी तेम्वाचं. याकोबे तेम्वाचं नाव काढत नसे. दु:ख झालं की तो कुदळ घेऊन रानात जायचा आणि अंधार पडायच्या आत परत यायचा.

पुढच्या दोन वर्षांत त्याच्या घरामागच्या शेतातल्या उंदरांच्या काळजात पांढरे दाणे दिसायला लागले. मक्याच्या दाण्याएवढा एक, कधी दोन. असा दाणा त्यानं पूर्वीही पाहिला होता, पण शंभरात एखादा. आता दहातल्या चारांत निघायचा. गुरांना लस टोचायला मोटरसायकलवरून येणाऱ्या मवुलाला त्यानं तो दाखवला. मवुलानं सुईनं दाणा फोडला, तर आतून घडी घातलेला पांढरा किडा निघाला, उलगडला तर बोटाएवढा लांब. मवुला म्हणाला, हे जंताचं बाळपण आहे, त्याचं म्हातारपण मांजराच्या पोटात जातं. मांजर उंदीर खातं, जंत मांजराच्या आतड्यात वाढतो, त्याची अंडी मांजराच्या विष्ठेतून गवतावर पडतात, ती पुन्हा उंदराच्या पोटात जातात. माणसाला त्याचा काही त्रास नाही, काळीज टाकायचं आणि उंदीर शिजवून खायचा. आणि मोटरसायकलला लाथ मारता मारता तो म्हणाला, "एक मात्र खरं, बाबा. एका जागी असे पुष्कळ दाणे निघाले, की जवळपास मांजर नांदतंय असं समजायचं."

एवढ्यावर गोष्ट मिटायला हरकत नव्हती. पण त्याच हंगामात एका लग्नात, याकोबेच्या नजरेतून निसटलेला एक दाणा एका म्हाताऱ्या पाहुणीच्या ताटात निघाला. तिनं तो दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला आणि विचारलं, "याकोबे, हे तुझ्या घरचे मोती का रे?" अख्खा मांडव हसला. न्याम्हांगोसुद्धा हसली. तिचं हसणं त्याला सगळ्यांत जास्त लागलं.

तीन दिवसांनी न्याम्हांगो दळण घेऊन गिरणीवर गेली. याकोबेनं ब्वेझीला पोत्यात घातलं आणि दोन तास चालून लुहांगाच्या ओसाड वस्तीवर नेऊन सोडलं. लुहांगाचं घराणं कधीच शहरात गेलं होतं, तिथे चार पडक्या भिंती आणि एक आंब्याचं झाड उरलं होतं. पोत्यातून काढताना मांजरानं त्याचं मनगट ओरबाडलं. दोन वाळवलेले उंदीर तिच्यापुढे टाकून तो मागे न बघता निघाला. घरी आल्यावर न्याम्हांगोनं विचारलं तर म्हणाला, सकाळपासून दिसली नाही. मनगटाचं विचारलं तर म्हणाला, काटेरी जाळीत हात गेला.

न्याम्हांगो शोधायला निघाली. तिला एकटीला कसं जाऊ द्यायचं म्हणून तोही निघाला. दोन दिवस दोघं शेतं, ओढा, टेकडी, सगळं हिंडले. तिसऱ्या दिवशी तिनं शोध थांबवला. भांडली असती तर याकोबेला बरं वाटलं असतं. काढणी झाल्यावर ती चार दिवसांसाठी म्हणून म्वाफूला, भावाकडे गेली. त्या चार दिवसांची पाच वर्षं झाली.

त्यानं निरोप पाठवले, भावाच्या फोनवर दोनदा बोलला. भाऊ म्हणायचा, येईल तेव्हा येईल. याकोबेनं मनाशी धरून ठेवलं की मांजर गेलं म्हणून बायको रुसली. एवढ्याशा मांजरासाठी घर सोडलं, असं तो खडकावर बसून स्वत:ला ऐकवायचा.

घरामागचे उंदीर वर्षाभरात स्वच्छ झाले. काळजं गडद, तुकतुकीत, कुठे ठिपका नाही. त्याला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. लग्नघरची माणसं पुन्हा येऊ लागली, उंदीर घेऊन, कौतुक करून, जेवायच्या वेळेआधी उठून जाऊ लागली. मक्याच्या पिठाचा सिमा एकट्यापुरता कसा घोटायचा हे त्याला पाच वर्षांत जमलं नाही. रोज उरायचा, रोज कोंबड्यांना जायचा. स्वच्छ काळीज बोटावर घेतलं की सवयीनं तो जरा बाजूला करून धरायचा, आणि मग हात मागे घ्यायचा. गाव त्याला झगाम्बो म्हणायचं, पोरंटोरं आजोबा म्हणायची. तेम्वाचे बाबा म्हणणारं एकच तोंड होतं, आणि ते म्वाफूला होतं. माणूस एकटा पडतो तेव्हा घर रिकामं होतं हे सगळे सांगतात, पण त्याचं एक नावही जातं, हे कोणी सांगत नाही. त्याला ते नाव ऐकावंसं वाटायचं, दुसरं काही नाही.

पाचव्या वर्षी जवळची बिळं ओस पडली म्हणून तो लांब लांब जायला लागला. एका दुपारी लुहांगाच्या वस्तीच्या अलीकडे, पडीक शेतात, त्यानं दहा उंदीर काढले आणि तिथेच सावलीत बसून उघडले. पहिल्या काळजात दाणा होता. रानमांजराचा असेल, असं म्हणून त्यानं ते टाकलं. दुसऱ्यात नव्हता. तिसऱ्यात दोन होते. दहावा उंदीर उघडला तेव्हा सहा काळजं दाण्यांची होती. त्यानं दाण्याचं काळीज उजेडाकडे धरलं आणि कितीतरी वेळ खाली ठेवलं नाही. सबंध आयुष्यात कीड बघून त्याला असा आनंद झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो वस्तीच्या आणखी जवळ खणायला लागला. जितका जवळ जाई तितके दाणे वाढत. आंब्याच्या झाडाजवळच्या बिळांत तर एकही काळीज स्वच्छ नव्हतं. लुहांगाची माणसं मांजर घेऊन परत आली असतील, ही एक शंका होती. पण तिथे ना धूर होता, ना राख. पडक्या भिंतीवर मात्र एक पट्टेरी मांजर बसलं होतं, शेपटीचं टोक थोडंसं वाकलेलं. तेम्वा त्या वाकड्या टोकाला आकडा म्हणायची, ते त्याला आठवलं. "ब्वेझी," तो म्हणाला. मांजर भिंतीपलीकडे उडी मारून गेलं.

मग दोन महिने त्यानं दुसरं काही केलं नाही. दिवसाआड दोन तास चालत जायचं, भिंतीखाली उंदीर ठेवायचा, लांब बसायचं. माणसांशी न बोललेलं सगळं तो त्या भिंतीशी बोलला. सिमा उरतो ते सांगितलं, तेम्वाचा निळा झगा वाळवी लागू नये म्हणून छपराला टांगलाय ते सांगितलं. आधी मांजर तो गेल्यावर खायचं, मग तो असताना खायला लागलं, मग त्याच्या पायापासून हातभर अंतरावर. हात मात्र लावू देईना. शेवटी कोंबड्यांच्या टोपलीला काठीची टेकण लावून, आत उंदीर ठेवून त्यानं ते धरलं. पहिला पाऊस यायला आठवडा होता. टोपली सायकलला बांधून तो पहाटेच म्वाफूला निघाला. मांजर परत दिलं की बायको परत येईल, असा साधा हिशेब त्याच्या डोक्यात होता.

मेहुणा लायटन अंगणात पाट दुरुस्त करत होता. मेहुण्यानं मेहुण्याची खोडी काढायची हा आमच्याकडचा हक्कच आहे, आणि लायटननं तो पाच वर्षं साठवून ठेवला होता. तो म्हणाला, "या, उंदरांचे डॉक्टर. टोपलीत पेशंट आणलाय, की स्वत:च दाखवायला आलात?" याकोबेनं टोपली खाली ठेवली. न्याम्हांगो आतून आली, परक्या पाहुण्यासाठी टेकावेत तसे गुडघे टेकून तिनं स्वागताच्या टाळ्या वाजवल्या, आणि म्हणाली, "झगाम्बो, बरे आहात ना?"

झगाम्बो. तो एवढंच म्हणाला, "ब्वेझी आणलीय."

न्याम्हांगोनं टोपलीचं झाकण बोटभर वर केलं आणि आत बघत राहिली. आत मांजर फिसकारलं. तिनं झाकण हळूच लावलं.

"ही ब्वेझी नाही."

"शेपूट बघ. आकडा आहे."

"शेपूट तिचीच आहे. ही तिची लेक असेल, नाहीतर नात. पण कान बघा किती तांबडे आहेत, बाप रानातला आहे. ब्वेझीचा डावा कान फाटका होता, तेम्वाच्या मांडीवरून उडी मारताना खुंटीला अडकला होता. दोन वर्षं तर ती नुसती त्या चटईवर बसून होती. तुम्ही उंदरांची काळजं बघत राहिलात, तिच्याकडे कधी बघितलंत?"

लायटननं पाट उचलला आणि घरामागे निघून गेला.

"कुठे सापडली?" न्याम्हांगोनं विचारलं.

"लुहांगाच्या वस्तीवर."

"ब्वेझी तिथे कशी गेली होती?"

पाच वर्षं अडकलेली गोष्ट बाहेर यायला एक क्षणही लागला नाही. "मीच सोडली. पोत्यात घालून नेली होती."

"मला माहीत आहे," न्याम्हांगो म्हणाली. "त्याच दिवशी कळलं. तुमच्या मनगटावर चार ओरखडे होते, एकासारखे एक. काट्याचे तसे उठत नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं." ती जमिनीकडे बघत बोलत होती, आवाज चढलेला नव्हता. "मांजर सोडलंत म्हणून मी गेले नाही. राग आला होता, तो गेला असता. पण तुम्ही दोन दिवस माझ्याबरोबर हाका मारत हिंडलात. ब्वेझी, ब्वेझी, माझ्यापेक्षा मोठ्यानं. मी मागून चालत होते आणि वाट बघत होते. आता सांगतील, त्या झाडाशी सांगतील, ओढा आला की सांगतील. तुम्ही झाडीत वाकून बघत होतात, झगाम्बो. ती तिथे नाही हे माहीत असून वाकून बघत होतात. मग मला वाटायला लागलं, तेम्वा गेली तेव्हा तुम्ही रडलात, ते तरी खरं होतं का?"

"ते खरं होतं."

"असेल. मला आता ते कळायचं कसं?"

उंदराचं पोट उघडून बघता येतं, माणसाचं नाही. याकोबे तिथेच टोपलीजवळ बसून राहिला. तिनं त्याला आणि लायटनला सिमा आणि भोपळ्याच्या पानांची भाजी वाढली. लायटननं एकही थट्टा केली नाही, त्यामुळे जेवण आणखी जड गेलं. निघताना तिनं टोपली उचलून स्वत: सायकलला बांधली.

"हिला घेऊन जा. घरी ठेवा."

"घरामागचे सगळे उंदीर खराब होतील गं," याकोबे म्हणाला. ते शब्द तोंडातून गेले आणि त्याला जीभ चावावीशी वाटली.

न्याम्हांगोच्या ओठांचा कोपरा हलला. ते हसू होतं की दुसरं काही, हे तो पुढे वर्षभर ठरवत राहिला. "होऊ द्यात," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी घरामागचेच उंदीर वाळवून आणा. काळीज काढू नका. मी उघडून बघीन. तुमच्या तोंडावर माझा भरवसा राहिलेला नाही, उंदराच्या काळजावर आहे."

त्यानं मांजर आधी महिनाभर रिकाम्या कणगीत ठेवलं, मग दार उघडलं. पहिल्या दिवशी ते पळालं आणि तो पावसात दारात बसून राहिला. हाका मारल्या नाहीत. हाका मारायची त्याला लाज वाटत होती. दोन दिवसांनी ते भिजून परत आलं, आणि कितीतरी महिन्यांनी तेम्वाच्या चटईच्या एका कडेला टेकलं. घरामागचे उंदीर लग्नाला देणार नाही, हे त्यानं गावात स्वत:च सांगितलं, कारणही सांगितलं. पोत्याचं सांगितलं, मनगटाचं सांगितलं, हाका मारल्याचंही सांगितलं. काही लोक हसले. ती म्हातारी पाहुणी मात्र हसली नाही. पुढचे सगळे महिने तो मांजराकडे बघत असे. उजव्या डोळ्याखाली एक काळी रेघ होती, चालताना ते मागचा डावा पाय किंचित उशिरा उचलायचं.

मक्याची काढणी झाली. घरामागच्या बिळांतून त्यानं बारा उंदीर काढले आणि खडकावर बसला. सहा काळजं स्वच्छ निघाली. याकोबेचा जीव वर-खाली झाला, कारण मांजर तर पोटभर खात होतं, चटईवर झोपत होतं, पण दाण्यावाचून ते खरं कोण मानणार. सातव्यात दाणा दिसला. आठव्यात दिसला. अकराव्यात दोन होते. त्यानं एकही काळीज काढलं नाही. पोटं मिटवून सालीच्या दोऱ्यानं बांधली, मीठ घालून उकळली, मंद आचेवर तीन दिवस वाळवली. त्याच्या आयुष्यातले हे सगळ्यांत वाईट उंदीर होते, आणि इतक्या काळजीनं त्यानं कुठलेच वाळवले नव्हते.

म्वाफूला न्याम्हांगो अंगणात धान्य पाखडत होती. त्यानं दोरी तिच्यापुढे ठेवली आणि लांब बसला. तिनं पहिला उंदीर उघडला, बघितला, बाजूला ठेवला. दुसरा उघडला. चौथ्या उंदराचं वाळलेलं काळीज तिनं बोटावर घेतलं आणि उन्हाकडे धरलं, अगदी तो धरायचा तसं, आणि मग जरा बाजूला करून त्यालाही दिसेल असं धरलं. तपकिरी काळजात पांढरा दाणा होता.

"आहे," ती म्हणाली.

घरी येते असं ती म्हणाली नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. तिनं हात कमरेच्या कापडाला पुसले, सूप उचललं, आणि दाराशी जाऊन वळून म्हणाली, "उन्हात काय बसलात? आत या, तेम्वाचे बाबा."